काडीवरचा पेढा

केंद्र सरकारच्या पर्यावरण, वन व हवामानबदल मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी जो राजपत्रित हुकूम प्रसिद्ध केला आणि ज्याचा अंमल १ जुलै २०२२ पासून देशभर जारी झाला, त्यात एकदाच वापरून फेकून द्यावयाच्या प्लास्टिकच्या ज्या जिनसांचे उत्पादन, आयात, साठा, वाटप, विक्री आणि वापर यांस मनाई करण्यात आली, त्या जिनसांच्या यादीत ताटे, पेले, चमचे इत्यादी मातब्बर मंडळींच्या आधी कान कोरण्याच्या काडीचा, फुग्याच्या काडीचा, मुलांच्या गोळीच्या काडीचा आणि आइस्क्रीमच्या काडीचा नामनिर्देश केलेला आहे. ज्या देशात हयात असल्याचा दाखला देऊनही पेन्शनरास दप्तरात आपले नाव सापडत नाही, त्या देशाच्या दप्तरी चोखून फेकून द्यावयाच्या काडीची नावनिशीवार नोंद व्हावी, हे त्या काडीचे भाग्यच म्हटले पाहिजे. त्याच यादीत, काडीच्या पाठोपाठ, सजावटीचे थर्माकोलही हद्दपार झालेले आहे. पण त्याचा मामला पुढे येईल.

सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर उभी हयात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही राजपत्रे चाळण्याची खोड राहते, म्हणून आम्ही या कलमापर्यंत पोचलो असा तर्क कोणी करील, तर तो चुकीचा ठरेल. कारण घरगुती होते. आमच्या नातीचा पाचवा वाढदिवस ऐन श्रावणात येऊन ठेपला होता; आणि त्या समारंभास येणाऱ्या बालगोपाळांच्या हातावर नुसता पेढा न ठेवता, तोच बाजारचा पेढा काडीवर चढवून, वितळलेल्या चॉकलेटात बुडवून, त्यावर रंगीत दाणे पेरून, नाक, डोळे आणि मिश्या काढून मग तो अर्पण करावयाचा, असा मनसुबा सूनबाईंनी जाहीर केला होता. "बाबा, प्लास्टिकच्या काड्या चालतील का हो?" अशी पृच्छा त्यांनी केली तेव्हा आम्ही तारीख, अंमलाची मुदत आणि मनाईचा तपशील यांसह सविस्तर निवेदन केले. त्यावर "म्हणजे बांबूच्या आणते," एवढाच शेरा मारून त्यांनी प्रकरण निकालात काढले.

महाराष्ट्रातील समग्र खाद्यसृष्टी 'घरचे' आणि 'विकतचे' या दोन गटांत पूर्वापार विभागलेली आहे, आणि या दोहोंच्या सरहद्दीवर आमच्या माजघरांतून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत आलेले आहेत. घरचा लाडू ताटात ठेवताक्षणी फुटला तरी पाहुण्याने त्यास खुसखुशीत म्हणावे, आणि विकतचा लाडू कितीही सुबक असला तरी यजमानणीने तो खोक्यातून काढून घरच्या डब्यात भरावा आणि ते खोके दोन दिवस माळ्यावर दडवून ठेवावे, असा दोन्ही पक्षांना मान्य असलेला अलिखित करार आहे. या करारामुळे कित्येक भगिनींना दिवाळीत विनाकारण खोटे बोलावे लागे. काडीवरच्या मिठाईने ही नामुष्की संपुष्टात आणली. यात पेढा हलवायाचा, चॉकलेट कारखान्याचे, रंगीत दाणे मंडईतले, डोळेदेखील पाकिटातले. गृहिणीचे स्वतःचे म्हणावे असे कृत्य एकच, ते म्हणजे काडी खुपसणे. आणि तेवढ्या एका कृत्याच्या बळावर अख्खा पदार्थ कायमचा तिच्या नावावर चढतो. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आमचे नाव चढविण्याचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे प्रलंबित असताना, पेढ्याच्या मालकीचा फेरफार अवघ्या एका काडीने बिनबोभाट मंजूर होतो, हे पाहून आम्हांस पेढ्याचा हेवा वाटला.

आमच्या लहानपणी, म्हणजे ना. म. जोशी मार्गाला सर्रास डिलाईल रोड म्हटले जाई त्या काळी, वाढदिवसाला एवढा व्याप नसे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींपैकी ३२ चाळी याच रस्त्यावर उभ्या होत्या, आणि त्यांतील १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत जिथे दोन-दोन कुटुंबे आणि वर गावाहून आलेला एखादा होतकरू भाचा नांदत असे, तिथे वाढदिवस हा प्रसंग सकाळच्या ओवाळणीत, वाटीभर शिऱ्यात आणि शाळेत वाटावयाच्या गोळ्यांच्या पाकिटात आटोपत असे. त्या गोळ्या बहुधा रावळगावच्या असत. वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावी १९३३ साली साखरेचा कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या, ही माहिती आम्हांस पुष्कळ पुढे कळली. त्या वेळी एवढेच ठाऊक होते की, वर्गात प्रत्येकाला एक आणि बाईंना दोन गोळ्या द्यावयाच्या असतात, आणि उरलेल्यांवर वाढदिवसवाल्याचा हक्क असतो. त्या गोळीला काडी नव्हती, डोळे नव्हते, मिश्या नव्हत्या. कागदाची दोन टोके पिळलेली असत, ती ओढली की गोळी हातात पडे. आणि नवा सदरा घातलेला तो मुलगा त्या दिवसापुरता वर्गाचा कारभारी होई.

सूनबाईंच्या कारभारास अर्थातच अधिक मोठा सरंजाम लागत होता. करी रोड स्टेशनावरून गाडी धरून, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून, महात्मा जोतिबा फुले मंडई, जिला सारी मुंबई अद्याप क्रॉफर्ड मार्केट म्हणते, तिच्या आसपास केकच्या सामानाची जी दुकाने आहेत तिथवर आम्हांस पिशवी धरण्यासाठी नेण्यात आले. त्या दुकानांत आम्ही जे पाहिले, त्याने आमच्या ज्ञानात मोलाची भर पडली. तिथे साखरेचे मोती, साखरेची फुलपाखरे, साखरेच्या मिश्या आणि साखरेचे डोळे मिळतात. डोळे बारीक, मध्यम आणि मोठे अशा तीन मापांत येतात, एकेका डबीत मूठभर भरलेले असतात, आणि दुकानदाराने झाकण उघडून डबी पुढे धरली की ते सर्व एकाच वेळी गिऱ्हाइकाकडे टक लावून पाहतात. दाणे मात्र सूनबाईंनी तिथून घेतले नाहीत. पानाच्या ठेल्यावर मिळणारी साखर चढवलेली रंगीत बडीशेप त्याहून स्वस्त पडते, आणि वर पचनासही उपकारक, हा त्यांचा हिशेब. आणि तो हिशेब बिनचूक होता, असे आमचे प्रांजळ मत आहे. कुठल्याही विलायती दाण्याने पेढ्याला जी रुची दिली नसती, ती त्या बडीशेपेने दिली.

चॉकलेटाचे दोन प्रकार असतात, हेही तिथेच समजले. खऱ्या चॉकलेटात कोकोचे लोणी असते, आणि त्याची मिजास अशी की, त्यास आधी ४५ अंशांपर्यंत तापवावे, मग २७ अंशांपर्यंत निववावे, मग पुन्हा ३१ अंशांवर आणून तिथेच राखावे, तेव्हा कुठे ते वाळल्यावर चकाकते आणि मोडताना टक्‌ असा आवाज करते. एरवी त्यावर पांढुरके डाग उमटतात आणि ते बोटांना चिकटत राहते. ज्या लोअर परळात श्रावणातल्या दुपारी स्वयंपाकघरच मुळी तिशीच्या वर असते, तिथे ही बडदास्त ठेवणे कोणास परवडणार? म्हणून गरीबगुरिबांसाठी कंपाउंड नावाची दुसरी जात आहे. तीत कोकोचे लोणी काढून त्याच्या जागी वनस्पतिजन्य स्निग्धांश घातलेला असतो. चव उतरते, पण स्वभाव सुधारतो. कशीही वितळवावी, पेढ्यावर चढवावी, थोड्या वेळात ती आपली आपण वाळते. तिचे वैर फक्त पाण्याशी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या वाडग्यात वाफेचा एक थेंब जरी पडला, तरी सबंध वाडग्यातले चॉकलेट क्षणार्धात आवळते, रेताड होते, आणि मग त्यास कितीही घोटले तरी ते पूर्वस्थितीवर येत नाही. वाडगा पुसणे हेच या विद्येतले आद्य कर्तव्य होय.

यानंतर उमेदवारांची निवड. काडीवर चढण्यास लायक कोण, हे ठरविण्यासाठी लालबाग-दादरकडच्या दुकानांतून निरनिराळी मिठाई थोडी थोडी आणविण्यात आली, आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्हां उभयतांच्या समक्ष सूनबाईंनी एकेकाची परीक्षा घेतली. मोतीचुराचा लाडू दिसण्यात सर्वांत देखणा. पण काडीचे टोक आत शिरताच त्याने अंग टाकले आणि त्याची बुंदी न्‌ बुंदी वेगळी होऊन ताटभर पांगली. गुलाबजामाने काडी निमूटपणे स्वीकारली, परंतु त्याच्या अंगचा पाक काडीवरून ओघळून मनगटापर्यंत येऊ लागला. शिवाय पाक म्हणजे पाणी, आणि पाण्याचे व कंपाउंडचे वैर वर नमूद केलेलेच आहे. काजूकतलीत काडी शिरवावयास जागाच नाही. ती कडेने घातली की वडी उभी चिरते. बेसनाचा लाडू फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवला तर शिस्तीत राहतो. मात्र फार गार झालेला लाडू ऊन चॉकलेटात बुडवला, की वरचे कवच वाळता वाळता तडकते, म्हणून गार करूनही त्यास थोडा वेळ बाहेर ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात आमच्या घरी लाडू शिल्लक राहत नाही. राहता राहिला पेढा. मऊ, पण चिवट. खव्याचा असल्यामुळे काडी धरून ठेवणारा. मध्यावर हलवायाच्या अंगठ्याचा ठसा आधीच उमटलेला असल्यामुळे डोळे बसविण्यास जागा तयार. आणि स्वभावाने असा की, परीक्षेच्या निकालापासून नातवाच्या बारशापर्यंत कुठल्याही आनंदात त्याला उभे केले तरी तो तक्रार करीत नाही. त्यास एकमताने नेमण्यात आले.

काडीची निवडही वाटते तितकी सोपी नाही. आइस्क्रीमची चपटी लाकडी पट्टी पेढ्याला दुभंगून टाकते. कागदाची नळी पावसाळी हवेत मान टाकते. बांबूची सळी मजबूत खरी, पण तिचे टोक इतके तीक्ष्ण असते की, पाच वर्षांच्या वीस मुलांच्या हाती वीस सळ्या देणे म्हणजे चाळीस डोळ्यांची जोखीम पत्करणे होय. ती टोके कातरीने छाटण्याचे काम आमच्याकडे आले. छाटलेले टोक आधी चॉकलेटात बुचकळावे, मग ते पेढ्यात निम्म्यापर्यंत सारावे, आणि आतले चॉकलेट वाळेपर्यंत पेढ्यास हात लावू नये. हे आतले चॉकलेटच काडीला पेढ्याशी जखडून ठेवते. या एका पायरीस कंटाळून जे सरळ कोरडी काडी खुपसतात, त्यांचे पेढे बुडवताना वाडग्याच्या तळाशी राहतात आणि काड्या तेवढ्या वर येतात.

प्रत्यक्ष बुडविण्याच्या समयी आमच्या शेजारचे काका येऊन बसले होते. हे गृहस्थ तरुणपणी गिरणीत रंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी जो संप पुकारला, त्यात तेही उतरले आणि मग परत खात्यात गेलेच नाहीत. पण हातातले कसब गेलेले नव्हते. सूनबाई पेढा वाडग्यात बुडवून तसाच स्थिर धरून ठेवीत आणि मग बाहेर काढून झटकीत, त्यामुळे एका अंगास जाड थर, दुसऱ्या अंगास खव्याचे दर्शन आणि ओट्यावर, फरशीवर व आमच्या लेंग्यावर चॉकलेटाचा शिडकावा, असा प्रकार चालला होता. काकांनी दोन पेढे हे पाहिले आणि तिसऱ्याला ते म्हणाले, "पोरी, माल रंगात उभा धरायचा नसतो. हात चालता ठेव. उभा धरलास की एका बाजूला गडद पडणार." मग त्यांनी काडी स्वतःच्या हाती घेतली. पेढा तिरका करून रसात उतरवला, दोन बोटांत काडी फिरवत फिरवत वर काढला, आणि झटकण्याऐवजी काडी वाडग्याच्या काठावर टेकवून दुसऱ्या हाताच्या तर्जनीने मनगटावर हलके टिचक्या मारू लागले. प्रत्येक टिचकीसरशी एक एक थेंब खाली ओघळला, थर आपोआप सारखा झाला, आणि पेढा असा तुळतुळीत दिसू लागला की त्यावर डोळे लावणे आमच्या जिवावर आले. "झटकलं की डाग, ठोकलं की साफ," असे म्हणून त्यांनी काडी सूनबाईंच्या हवाली केली आणि चहा मागितला. पुढचे सर्व पेढे त्यांच्या देखरेखीखाली निघाले. नापसंत माल ते बिनबोलता बाजूच्या बशीत काढीत, आणि ती बशी आमची नात बिनबोलता रिकामी करी.

बुडवलेले पेढे वाळेपर्यंत उभे करावयाचे कशात, या प्रश्नाशी येऊन आम्ही राजपत्राकडे पुन्हा वळलो. पूर्वी यासाठी थर्माकोलचा ठोकळा वापरीत. परंतु त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१८ सालीच मोहीम उघडली होती आणि केंद्राच्या यादीतही त्याचे नाव आहे. आमच्या कुटुंबाने यावर कोबीची तोड काढली. जुन्या मुंबईकरांस आठवत असेल की, पार्टी नामक संस्था मध्यमवर्गात नुकती शिरली त्या काळी चीजचा चौकोन, अननसाची फोड आणि लालभडक चेरी दात कोरण्याच्या काडीत ओवून त्या काड्या कोबीच्या गड्ड्यात खोचून मधोमध ठेवीत, आणि त्या साळिंदराभोवती पाहुणे इंग्रजी बोलत. तेव्हा कोबीचा हा अनुभव जुनाच. अर्धे कापलेले तीन गड्डे पालथे घालून त्यांत पेढे रोवले गेले. "अहो, उद्या भाजी हीच करायची आहे, फार भोकं पाडू देऊ नका," अशी सूचना स्वयंपाकघरातून आली. परंतु तोवर गड्ड्यांची चाळण झालेली होती. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या पेढ्यांना दमट हवेत घाम फुटला आणि काही डोळे गालांवर उतरले, त्याला इलाज नव्हता. पंखा लावून त्यांना वाळवण्यात आले.

हे सर्व अमेरिकेतून आले, असे सूनबाईंचे म्हणणे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. केकचा चुरा मळून, त्याचे गोळे करून, काडीवर लावून सजविण्याचा प्रघात तिकडे अँजी डडली या बाईंनी २००८ च्या सुमारास लोकप्रिय केला. आणि त्याच्या शंभर वर्षे आधी, १९०८ साली, न्यू हेवन गावच्या जॉर्ज स्मिथ या मिठाईवाल्याने काडीवरची गोळी विकावयास आरंभ करून तिला शर्यतीच्या एका घोड्याचे नाव दिले, असे सांगतात. महालक्ष्मीचे रेसकोर्स ज्यांच्या गच्चीवरून दिसते, त्या लोअर परळकरांस घोड्यांवरून नाव ठेवण्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. आमच्या परिसरात घोड्यांपायी नाव गमावलेली माणसेही पुष्कळ होती. परंतु काडीवरील मिठाईचा शोध अमेरिकेने लावला, हे आम्ही मान्य करणार नाही.

आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी एक मिठाईवाला येत असे. त्याच्या खांद्यावर उंच बांबू, बांबूच्या वरच्या भागाला गुंडाळलेला गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा चिवट साखरेचा लगदा, आणि शेंड्यावर एक बाहुली. दोरी ओढली की बाहुली टाळ्या वाजवी, आणि टाळ्या ऐकून चारी मजल्यांवरची मुले जिन्याने कोसळत खाली येत. तो लगद्याचा एक लचका ओढून, बोटांच्या दोन-तीन चिमट्यांत त्याचा मोर करी, सायकल करी, गुलाबाचे फूल करी, आणि काडीवर लावून हातात देई. ज्याला घड्याळ हवे असेल त्याने मनगट पुढे करावे, त्यास थेट मनगटावरच पट्ट्यासकट घड्याळ बांधून मिळे. ते घड्याळ किती वाजले ते कधी दाखवीत नसे. पण ते चाटून संपले म्हणजे शाळेला उशीर झालेला असे. त्या माणसाजवळ ना साचा होता ना पाकिटातले डोळे. मोराचा डोळा तो करंगळीच्या नखाने उमटवी.

आणि त्याच्याही मागे जावयाचे तर गुढीपाशी जावे लागेल. चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण जी गुढी उभारतो, ती साकल्याने न्याहाळा: लांब वेळूची काठी, तीवर जरीचे वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा, फुलांचा हार, वर पालथा गडू, आणि या सर्वांसोबत लटकणारी बाजारातून आणलेली साखरेच्या गाठींची माळ. घरी गाठी कोणी पाडीत नाही. साच्यात दोरा ठेवून पाक ओतण्याचे ते काम हलवायाचे. तात्पर्य, विकतची मिठाई, काठी आणि सजावट हा त्रिवेणी संगम आमच्या दारात शतकानुशतके उभा आहे, सूर्यास्तापूर्वी तो उतरविला जातो, आणि गाठी मुलांना वाटून टाकल्या जातात. सूनबाईंचा पेढा हा या परंपरेचा धाकटा वंशज ठरतो. आम्ही हा सिद्धांत घरी मांडला तेव्हा कुटुंबाने आमच्याकडे असे पाहिले की, आम्ही तो तिथेच आवरता घेतला; परंतु तो मागे घेतलेला नाही.

रुखवताची साक्ष तर याहूनही बळकट आहे. मुलीच्या लग्नात मांडवात मांडलेल्या लाडवांना डोळे आणि कुंची लावून त्यांची तान्ही बाळे करणे, हलव्याच्या दाण्यांत नवरदेव मढविणे, या गोष्टी आमच्या मावश्या-आत्यांनी विनातक्रार केल्या. संक्रांतीचा काटेरी हलवा करणे हे मात्र येरागबाळ्याचे काम नव्हते: मंद शेगडीवर परातीत तीळ घेऊन, चमचा चमचा पाक घालून, तासन्‌तास तळहाताने ते फिरवीत राहावे, तेव्हा कुठे काटा उभा राही, आणि तोवर बोटे पोळून निघत. आज हलवा दादरच्या बाजारात मिळतो, त्याचे हार, बाजूबंद, मुकुट ओवलेले मिळतात, आणि तयार रुखवतही मिळते. मावशीचा हात भाजला नाही म्हणून नव्या सुनेच्या गळ्यातला हलव्याचा हार कमी शोभत नाही. जे भाजून घेण्याचा आग्रह धरतात, ते स्वतः परातीजवळ कधी बसलेले नसतात, असा आमचा अनुभव आहे. ते बहुधा पुरुष असतात.

खुद्द आमच्या लोअर परळाने तरी दुसरे काय केले? १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलचा धुराडा आज मॉलच्या मधोमध उभा आहे. साचे गेले, सूत गेले, भोंगा गेला, तीन पाळ्या गेल्या. राहिली ती ती उंच काडी, आणि तिच्याभोवती काच, संगमरवर व रोषणाई यांचा जाड थर चढवून ती जागा पुन्हा विक्रीस मांडण्यात आली. घरांचे दलाल तर याही पुढे गेले. ते या वस्तीला अप्पर वरळी म्हणू लागले. मोहल्ला तोच, गटार तेच, पावसाळ्यात तुंबणारे पाणी तेच. रंगखात्यातले आमचे काका त्या मॉलमध्ये सूनबाईंबरोबर एकदा गेले होते. सरकत्या जिन्यावर उभे राहून त्यांनी धुराड्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे आतून साफ करतात की नाही?"

वाढदिवसाचा समारंभ ठरल्याप्रमाणे पार पडला. मुलांनी पेढ्यांचे डोळे प्रथम खाल्ले, मग मिश्या, मग चॉकलेटाचे कवच कुरतडून काढले, आणि आतला पेढा जसाच्या तसा काडीवर ठेवून ती काडी शेजारी बसलेल्या आजोबा-आजींच्या हाती सोपवली. अशा रीतीने संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या हाती एक सोललेला पेढा आला, आणि साखर वाढलेल्यांनीही नातवंडांच्या आग्रहास्तव तो संपवला. "घरी केलेत?" असे प्रत्येक आईने विचारले. "हो, घरीच," असे सूनबाई म्हणाल्या, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर शंकेची सावली उमटली नाही. पेढ्यांचे खोके त्या वेळी ओट्यावर उघडे पडलेले होते.

कीर्ती पसरावयास वेळ लागला नाही. गणपती जवळ आले होते, आणि आमच्या सोसायटीच्या उत्सव समितीच्या सभेत एका उत्साही सभासदांनी अशी दरखास्त आणली की, यंदा प्रसादाचे मोदक मुलांच्या आवडीसाठी काडीवर लावून द्यावेत. उकडीचा मोदक काडी धरणार नाही, हे एका ज्येष्ठ भगिनींनी तत्काळ निदर्शनास आणले. त्यावर माव्याचे तयार मोदक आणावेत अशी उपसूचना आली. मग खरा वाद सुरू झाला. बाप्पापुढे काडीवरचा नैवेद्य ठेवणे धर्मास मंजूर आहे काय? एका पक्षाचे म्हणणे, बाप्पाच्या हातात मोदक असतो, काडी नसते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, बाप्पाच्या दुसऱ्या हातात परशू असतो आणि त्याला दांडा असतो. रंगखात्यातल्या काकांनी बुडविण्याचे काम फुकट करून देण्याची तयारी दाखविली. रात्री साडेदहा वाजता अध्यक्षांनी मसुदा वाचून दाखविला आणि तो बहुमताने मंजूर झाला: नैवेद्याचे एकवीस मोदक विनाकाडी असावेत, आरती व मंत्रपुष्पांजली झाल्यानंतर, नैवेद्य उतरल्यावर, सर्व प्रसादाचे मोदक सकाडी करण्यात यावेत, काड्या बांबूच्या व टोके छाटलेल्या असाव्यात, आणि टोके छाटण्याची जबाबदारी, पूर्वानुभव लक्षात घेऊन, आमच्याकडे देण्यात यावी. काड्यांचा खर्च कोणत्या सदरी टाकावा, यावर मात्र एकमत होईना. खजिनदार म्हणाले, सजावट. सचिव म्हणाले, प्रसाद. आणि हिशेबतपासनीसांनी दोन्ही नाकारून असे बजावले की, पावतीवर दुकानदाराने 'कबाबच्या काड्या' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे, तेव्हा ती पावती बदलून आणल्याखेरीज आपण सही करणार नाही.